गिळलेली वाक्यं

हेमांगी बोरसेच्या मीटिंगा फार लवकर संपायच्या. ती मुद्दा मांडायची, टेबलाभोवतीची नऊ माणसं आपापल्या पेनांकडे बघायची, कुणीतरी "चालेल, मॅडम" म्हणायचं आणि सगळे उठायचे. बरेच दिवस तिला वाटत होतं, आपली टीम एकदिलाने काम करते.

कंपनीचं नाव गगनपथ. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत तिचं ऑफिस होतं आणि ती रोपवे उभारायची. सहलीला येणाऱ्यांसाठी नव्हे, डोंगरमाथ्यावरच्या गावांसाठी. जिथे रस्ता न्यायचा तर अर्धा डोंगर पोखरावा लागेल, तिथे शाळेची मुलं, भाजीच्या जाळ्या आणि बाळंतपणाला निघालेल्या बायका दोरावरून खाली याव्यात, अशी योजना होती. मोरधार डोंगरावरच्या चार गावांचा रोपवे हा त्यांचा सगळ्यात मोठा प्रकल्प. केबिन कधी सुटायची, कधी थांबायची, वारा वाढला किंवा वीज गेली तर काय करायचं, हे ठरवणारं त्याचं सगळं डोकं हेमांगीने बांधलं होतं. त्याच कामाच्या जोरावर तिला टीमची प्रमुख केलं होतं.

मग एकाच महिन्यात दोन चांगली माणसं सोडून गेली. प्रकल्पाचे मुख्य सरदेसाई यांनी हेमांगीला आपल्या खोलीत बोलावलं.

"जाताना मी दोघांनाही बसवून विचारलं," ते म्हणाले. "वेगवेगळ्या दिवशी. पण दोघं बोलले एकच. 'बोरसे मॅडम हुशार आहेत. त्यांच्याशी बोलायला काही उरतच नाही.'"

"म्हणजे काय, सर?"

"तेच मी तुला विचारणार होतो."

हेमांगीला इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर नेतृत्वाच्या शिबिराला पाठवण्यात आलं. तिथे डोळे मिटून मागे पडायचं आणि अनोळखी माणसांनी झेलायचं, कागदी पेल्यांचे मनोरे रचायचे, असे खेळ झाले. ऐकण्याचं एक तंत्रही शिकवलं: मान हलवा, डोळ्यांत पाहा, समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवा. परतल्यावर तिने ते मनापासून करून पाहिलं. हनीफ तांबोळी विजेचं काम पाहायचे, टीममधले सगळ्यात जुने. त्यांचं वाक्य तिने त्यांना तिसऱ्यांदा परत ऐकवलं तेव्हा ते काळजीने म्हणाले, "मॅडम, ऐकायला कमी येतंय का? माझ्या मेहुण्याचा कानाचा डॉक्टर चांगला आहे."

हेमांगी त्या दिवशी घरी जाताना स्वतःशीच हसली, पण हसताना तिला आतून कसंसंच वाटत होतं. यंत्राचा दोष सापडला नाही की ती जेवण विसरायची. माणसांच्या बाबतीत मात्र तो शोधायला कुठून सुरुवात करायची, हेच तिला माहीत नव्हतं.

त्यामुळे 'मुखर' आलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

मुखर म्हणजे मीटिंगच्या खोलीत छताला चिकटवायची एक पांढरी चकती. धूर ओळखणाऱ्या यंत्राएवढी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने ती बनवली होती आणि काही कंपन्यांमध्ये तिची चाचणी चालली होती. ती बसवायला खुद्द डॉ. यशोधन परुळेकर आले. साठीचे, किरकोळ बांध्याचे आणि अखंड बोलणारे.

चहाचा कप हातात असतानाच ते म्हणाले, "तुम्ही आत्ता मला काहीतरी विचारणार होतात."

"हो. कसं कळलं?"

"मला नाही कळलं. याला कळलं." त्यांनी टॅबलेट तिच्यासमोर धरला. पडद्यावर एक नारिंगी ठिपका विझत चालला होता. "बोलणं तोंडात सुरू होत नाही, मॅडम. वाक्य मनात जुळलं की शरीर आधी तयारीला लागतं. एक झटकन घेतलेला श्वास. आपण एरवी घेतो त्याहून वेगळा. मग स्वरयंत्र केसभर वर सरकतं, त्याच्या पट्ट्या ताणल्या जातात, जिभेचं मूळ घट्ट होतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. त्यानंतर आवाज फुटतो. किंवा माणूस विचार बदलतो, आणि सगळे स्नायू सैल पडतात. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण गळ्यावरची कातडी हललेली असते."

"आणि ती हालचाल छतावरून मोजता येते?"

"धुक्यात पुढची गाडी किती लांब आहे, हे आता आपल्या बसना कळतं ना, त्याच जातीच्या रेडिओलहरी. फक्त फार बारीक मोजणाऱ्या. त्या गळ्यावर आपटून परत येतात, आणि कातडी किती सरकली ते सांगतात."

"म्हणजे माणूस काय बोलणार होता, तेही?"

"छे! ते नाही कळत. वाक्य आलं होतं आणि परत गेलं, एवढंच. कुणीतरी दाराशी येऊन, बेल न वाजवता निघून जावं तसं." परुळेकर थांबले. "तुमच्या टीमला हे सगळं समजावून सांगाल ना?"

सरदेसाईंचं म्हणणं पडलं की, आधीच सांगितलं तर लोक बिचकतील. टीमला एवढंच कळवलं गेलं की चकती मीटिंगचा दर्जा मोजते, कोण किती वेळ बोलतं ते पाहते. यात खोटं काही नव्हतं. पण नारिंगी ठिपके हेमांगीच्या टॅबलेटवर त्याच क्षणी दिसतात, हे कुणालाच सांगितलं नाही. तीही गप्प राहिली. तिला ते ठिपके बघायचे होते.

पहिल्याच मीटिंगला तिला घाम फुटला. ज्या खोलीला ती शांत समजत होती, ती खोली नुसती भरून वाहत होती. ब्रेकचा विषय निघाला, हनीफभाईंचा ठिपका पेटला, विझला. वेळापत्रकाचा निघाला, तिघांचे एकदम पेटले. टोकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या रेवा पाडवीचा ठिपका तर दर दोन मिनिटांनी उजळत होता. रेवा धडगावकडची, टीममधली सगळ्यात तरुण इंजिनिअर. रुजू झाल्यापासून तिने मीटिंगमध्ये चार वाक्यं तरी उच्चारली असतील की नाही, शंकाच होती.

"हनीफभाई," हेमांगीने विचारलं, "ब्रेकबद्दल काही म्हणायचंय का?"

हनीफभाई दचकले. मग जरा चाचरत बोलायला लागले. ब्रेकचं अस्तर ज्या पुरवठादाराकडून येतं, त्याचा मागच्या खेपेचा माल ओलाव्यात फुगतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तपासून पाहिलं, ते खरं निघालं. अख्खी खेप परत गेली.

पुढचे काही आठवडे हेमांगीला जणू नवा डोळा फुटला होता. ठिपका पेटला की ती अलगद त्या माणसाकडे वळायची. 'मॅडमना मनातलं कळतं' असं कॅंटीनमध्ये बोललं जाऊ लागलं. कोण कोणासमोर गप्प होतो, कुठल्या शब्दाला सगळ्यांचे श्वास अडतात, याचं तिला अपार कुतूहल वाटू लागलं. नवा नियम सापडलेल्या विद्यार्थ्यासारखी ती मीटिंगची वाट पाहायची.

एकदा वाऱ्याच्या मर्यादेबद्दल चर्चा चालू असताना रेवाचा ठिपका पेटला.

"रेवा, बोल."

"नाही, मॅडम... म्हणजे, तिसऱ्या मनोऱ्याचा वारामापक... मला अजून नीट..."

"बोल, बोल. काय वाटतंय?"

"तो कड्याच्या आडोशाला येतो का, असं..."

"दरीकडून वारा आला तर म्हणतेस? ते धरलंय आपण. आडोशाचा गुणक हिशेबात घातलेला आहे, अहवालाच्या दुसऱ्या भागात बघ." हेमांगीने हसून मान हलवली. "पण विचारलंस ते छान केलंस. पुढचा मुद्दा."

रेवाचा ठिपका विझला. आपण एका बुजऱ्या मुलीला बोलतं केलं, या समाधानात हेमांगी पुढे गेली.

साइटवरच्या बैठकांसाठी परुळेकरांनी तिला एक छोटं मुखर दिलं होतं, टेबलावर ठेवायचं. एका संध्याकाळी ते तिने घरी, जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं. आपण हे का करतोय, असं तिने स्वतःला विचारलं नाही. तिला फक्त बघायचं होतं.

तिचा नवरा निशिकांत नाशिकच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. शांत माणूस. पुढचे दोन्ही रविवार मोरधारला जावं लागेल, असं ती सांगत असताना तिच्या मांडीवरच्या टॅबलेटवर ठिपका पेटला. विझला.

"बोल ना," ती म्हणाली.

"काय?"

"काहीतरी म्हणणार होतास."

"नाही गं. आमटी घे."

ठिपका पुन्हा पेटला.

"आत्ता परत! काय होतं?"

निशिकांतने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बरणीशेजारच्या डबीकडे. "हे काय आहे, हेमांगी?"

तिने सांगितलं. सांगताना ती रंगूनही गेली. स्वरयंत्र केसभर कसं सरकतं, लहरी कशा परततात. निशिकांतचा घास हातातच राहिला होता.

"आणि तुला ते वाक्य हवंय?"

"मनात कशाला ठेवायचं?"

"ऐक मग. तू रविवारचं म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं की, तुला घर नकोच आहे. आलं, मी त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मला कळलं की हे खरं नाही. मी दिवसभराचा वैतागलेलो आहे, म्हणून ते आलंय. म्हणून गिळलं. आता तू ते ओढून बाहेर काढलंस. आता ते या टेबलावर पडलंय, आणि ते काही मला परत गिळता येणार नाही."

हेमांगीने मांडीवरचा टॅबलेट पालथा केला.

"ते उचल," निशिकांत म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला होता.

पुढचे काही दिवस त्यांच्यात दूध, किल्ल्या आणि गॅस एवढंच बोलणं झालं. छोटं मुखर तिने बॅगेच्या तळाशी टाकून दिलं. घरात ते आणायला नको होतं, हे तिने मनोमन कबूल केलं. पण घर वेगळं आणि ऑफिस वेगळं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

ऑफिसात तर सगळं सुरळीतच चाललं होतं. नारिंगी ठिपके आठवड्यागणिक कमी होत गेले. मोरधारचं काम संपत आलं तेव्हा पूर्ण मीटिंगमध्ये एकही ठिपका पेटेनासा झाला. मुंबईच्या मुख्य कचेरीतून अभिनंदन आलं: कंपनीतली सर्वांत मोकळी टीम. गिळलेली वाक्यं शून्य.

हेमांगी खूश झाली. मात्र एक गोष्ट तिला खटकत राहिली. मीटिंगा पुन्हा लवकर संपायला लागल्या होत्या. आणि टेबलावर एक नवीनच वाटी दिसायची, लवंगांची. जो तो येऊन एक लवंग तोंडात टाकायचा. तिला वाटलं, सिन्नरच्या धुळीने सगळ्यांचे घसे धरले असतील.

पाहुण्यांना बसवून रोपवेची पहिली फेरी करायची, त्याच्या आदल्या सकाळी हेमांगी रेवाला घेऊन वरच्या स्टेशनच्या पाहणीला निघाली. केबिन खालच्या स्टेशनातून सुटली आणि दरीवर आली. खाली करवंदीच्या जाळ्या, मधूनच एखादं कौलारू घर. दोराचा गुणगुणल्यासारखा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं.

"उद्याबद्दल काही डोक्यात आहे का?" हेमांगीने सहज विचारलं.

रेवाने केबिनच्या छताकडे पाहिलं. चारही कोपऱ्यांत.

"इथे ते नाही ना, मॅडम?"

"काय?"

"मुखर."

हेमांगीचा चेहरा उतरला. रेवा दरीकडे बघत बोलत होती, पण आवाज स्थिर होता. "तुम्ही कुणाला बोलायला सांगायच्या आधी तुमची नजर टॅबलेटवर जायची. दर वेळी. हनीफभाईंच्या लक्षात आलं. मग मी वाचून काढलं की, असलं यंत्र निघालंय. तोंडात लवंग धरली की जीभ गुंतलेली राहते. गळा सारखाच हलत राहतो, त्याला फरक कळत नाही. पहिले काही दिवस लवंग लागायची. आता तीही नाही लागत. हनीफभाई म्हणाले, मनात सतराचा पाढा म्हणत राहायचं. वाक्य जुळूच द्यायचं नाही."

"पण का? तुम्हाला बोलता यावं म्हणून तर मी..."

"तुम्ही बोलायला लावायचात, मॅडम. माझा विचार अर्धा असायचा तेव्हाच तुम्ही तो उचलायचात. आणि अर्धा विचार तुमच्यासमोर दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही. तुम्ही हसून, प्रेमाने त्याचा निकाल लावायचात. वाऱ्याच्या वेळी लावलात तसा."

केबिन तिसऱ्या मनोऱ्यावरून जाताना खडखडली. हेमांगीने दांडी घट्ट धरली. निशिकांतचा हातातला घास तिला आठवला, आणि घर वेगळं, ऑफिस वेगळं ही समजूत तिथेच ढासळली.

मनोरा मागे पडल्यावर तिने विचारलं, "आत्ता आहे का तुझ्याजवळ एखादा अर्धा विचार? उद्याच्या फेरीबद्दल?"

"आहे."

"सांग."

रेवाने मान हलवली. "नाही. अर्धा नाही सांगणार. मला दोन दिवस द्या आणि वर वारा मोजायला माणूस द्या. पूर्ण झाला की सांगते. चुकीचा निघाला तरी सांगते."

वरच्या स्टेशनवर उतरल्याबरोबर हेमांगीने डॉ. परुळेकरांना फोन लावला. लवंगांचं ऐकून ते आधी खळखळून हसले. मग एकदम गंभीर झाले.

"सगळ्या कंपन्यांत हेच झालंय," ते म्हणाले. "पहिले दोन महिने ठिपके भरपूर, मग उतरत उतरत शून्य. आम्ही अहवालात लिहिलं, लोक मोकळे झाले. पण मॅडम, जे स्नायू नजरेखाली आहेत हे माणसाला कळलं, ते तो आवरायला शिकतो. मग हळूहळू त्यांच्यामागचा विचारही आवरायला लागतो. आम्ही मोजत होतो गप्पपणा. आणि मोजून मोजून तोच शिकवत होतो!" त्यांच्या आवाजात खंत होती, पण एक नवी गोष्ट हाती लागल्याची उत्सुकताही लपत नव्हती. "हे लिहून काढायला हवं. लगेच."

दुसरा फोन सरदेसाईंना.

"सर, उद्याची फेरी पुढे ढकलायची आहे. तीन दिवस."

"पाहुण्यांना निरोप गेलेत, हेमांगी. मुंबईहून माणसं निघालीत. कारण काय?"

"अजून माहीत नाही."

"कुणाची हरकत आहे?"

"कुणाचीच नाही. सातच्या सात माणसांची कशालाच काही हरकत नाही, हीच माझी हरकत आहे."

"हे मी मुंबईला काय म्हणून सांगू?"

"माझं नाव सांगा. बोरसेने थांबवलं."

"ते मी सांगेनच," सरदेसाई कोरडेपणाने म्हणाले. "त्याचं पुढे काय होईल, ते मात्र मला विचारू नकोस."

दुपारी तिने सगळ्या टीमला खालच्या स्टेशनवर बोलावलं. टॅबलेट सर्वांना दिसेल असा ठेवला, ठिपके म्हणजे काय ते सांगितलं आणि आपल्याला ते सगळा वेळ दिसत होते, हेही. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. हनीफभाई नुसतं म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि बाहेर निघून गेले.

पुढचे दोन दिवस हेमांगीला फार जड गेले. रेवा एका सहकाऱ्याला घेऊन केबिनमधून खालीवर करत होती, हातातल्या मापकावर वारा टिपत होती. हेमांगीला दर तासाला वाटायचं, जाऊन विचारावं. तिला त्या आडोशाचा गुणक तोंडपाठ होता. दहा मिनिटांत ती उत्तर देऊ शकली असती. ती स्टेशनच्या पायरीवर बसून राहायची आणि उठायला लागली की पुन्हा बसायची.

तिसऱ्या दिवशी रेवा सगळ्यांसमोर उभी राहिली.

"माझा अंदाज चुकला," तिने सांगितलं. "मला वाटलं होतं, दरीकडून वारा आला की मापक कमी दाखवतो. दाखवतो, पण गुणकात धरलाय तेवढाच. मॅडमचा हिशेब बरोबर आहे."

कुणीतरी सुस्कारा टाकला. सरदेसाई आले होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हेमांगीच्या मनात क्षणभर वेड्यासारखं आलं: म्हणजे सगळं उगाचच थांबवलं. पण ती रेवाकडे बघत होती. चूक सांगतानाही त्या मुलीचा आवाज चाचरला नव्हता.

"चांगलं झालं," हेमांगी म्हणाली. "आता ते आपल्याला नक्की माहीत आहे." आणि ती थांबली. पुढचा मुद्दा तिने काढला नाही. पुढचा मुद्दा तिच्याकडे नव्हताच.

शांतता लांबत गेली. वरून दोराचं गुणगुणणं ऐकू येत होतं. सरदेसाई काही बोलणार तेवढ्यात भिंतीला टेकून उभे असलेले हनीफभाई खाकरले.

"आता थांबलोच आहोत तर एक माझंही," ते म्हणाले. "वीज गेल्यावरचं."

वीज गेली की केबिन हळूहळू स्टेशनला आणायला वेगळी बॅटरीवरची मोटर होती. ती चुकून सुरू होऊ नये म्हणून हेमांगीने नियम घातला होता: खालच्या आणि वरच्या, दोन्ही स्टेशनांनी होकार दिला तरच मोटर चालेल. या नियमाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तिचा तो विशेष अभिमानाचा भाग.

"नियम चांगलाच आहे," हनीफभाई म्हणाले. "पण वीज जाते ती बहुतेक वादळात. वादळात वरच्या स्टेशनचा संपर्कही जाऊ शकतो. मग होकार कोण देणार? मोटर तिकडून येणाऱ्या 'हो'ची वाट बघत बसेल, आणि माणसं दोरावर लटकत राहतील."

हेमांगीचं तोंड उघडलं होतं. याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं: संपर्कासाठी दोन वेगळे मार्ग ठेवले आहेत. तिने ते उत्तर जिभेवर येऊ दिलं, आणि तिथेच धरून ठेवलं.

"करून बघू या," ती म्हणाली.

केबिनांमध्ये वाळूची पोती भरली आणि त्या केबिन दरीच्या मधोमध नेऊन वीज तोडली. हनीफभाईंनी वरच्या स्टेशनचा पहिला संपर्क बंद केला. दुसरा मार्ग आपोआप सुरू झाला, होकार आला, मोटर फिरली. हेमांगीने श्वास सोडला. मग हनीफभाई म्हणाले, "आता वरची वीज गेलीय असं धरा," आणि वरच्या स्टेशनचीही वीज तोडायला लावली. दोन्ही मार्ग एकाच तारेवरून वीज घेत होते. दोन्ही एकदम मेले.

मोटर थांबली. पडद्यावर एकच ओळ आली: वरच्या स्टेशनच्या होकाराची प्रतीक्षा.

सगळे बाहेर येऊन बघत राहिले. ढग दाटून आले होते, वाळूने भरलेल्या केबिन उंचावर मंद झोके घेत होत्या, आणि त्यांना खाली आणायला कुणाकडेच बटण नव्हतं. पोत्यांच्या जागी कोण बसलं असतं, हे कुणी बोललं नाही. सरदेसाईंनी खिशातून फोन काढला आणि स्टेशनच्या मागे जाऊन बराच वेळ मुंबईशी बोलत राहिले.

"हे तुम्हाला कधीपासून वाटत होतं?" हेमांगीने हनीफभाईंना विचारलं.

"पाऊस संपल्यापासून."

"मग..."

"तुमचा लाडका नियम होता, मॅडम," हनीफभाई म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. मोरधारचा रोपवे सुरू झाला तेव्हा पहिल्या केबिनमध्ये वरच्या गावातल्या बाया बसल्या आणि दरी येताच एकमेकींचे हात धरून ओरडल्या. हेमांगीला शाबासकीही मिळाली नाही आणि शिक्षाही झाली नाही. मुंबईने तिच्याबद्दल काय ठरवलं, ते तिला कधीच नीट कळलं नाही. घरी मात्र एका रात्री निशिकांतने न विचारता सांगितलं की, त्याला तिच्याबरोबर मोरधारला यायचंय, दोर कुठल्या खडकात रोवलाय ते बघायला. तिने फक्त "चल" म्हटलं.

चकती काढून न्यायला परुळेकर स्वतः आले. मुखरचं काय करायचं, याचा त्यांना अजून उलगडा झाला नव्हता.

"एक उलटं करून बघू या का?" हेमांगी म्हणाली. "ज्याचा ठिपका, त्यालाच दिसू दे. दुसऱ्या कुणाला नाही. हवा असेल त्यालाच."

परुळेकरांचे डोळे चमकले. "आरसा! दुर्बीण नाही, आरसा. करता येईल. पण मग सुरुवात तुमच्यापासून. तुमच्या पडद्यावर तुमचा ठिपका आम्ही दाखवतच नव्हतो, पण नोंद मात्र होत होती. बघायचीय?"

त्यांनी टॅबलेटवर काही दाबलं आणि तो तिच्यापुढे केला. इतक्या महिन्यांच्या, इतक्या मीटिंगांमधली हेमांगी बोरसेची गिळलेली वाक्यं.

पडदा कोरा होता.

"बिघडलंय का?" तिने विचारलं.

"नाही," परुळेकर हळूच म्हणाले. "मीही दोनदा तपासलं. तुम्ही एकही गिळलेलं नाही. जे आलं, ते बोललात."

हेमांगी त्या कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. एका माणसाने काहीच गिळलं नव्हतं, आणि त्याच्या वाटचं सगळं बाकीच्या सातांनी गिळलं होतं. इतके दिवस ती सात जणांच्या गळ्यांत दोष शोधत होती.

पुढच्या सोमवारी नव्या प्रकल्पाची पहिली मीटिंग होती. कोकणातल्या एका खाडीवरचा रोपवे. टेबलावर छोटं मुखर होतं आणि एकच टॅबलेट, तिचा. त्यावर फक्त तिचा ठिपका दिसणार होता. तिने तसं सगळ्यांना सांगितलं. रेवा उठून फळ्यापाशी गेली आणि खाडीचा आराखडा काढायला लागली. सावकाश, मध्येच पुसून, मध्येच थांबून. भरतीचा आकडा तिने चुकीच्या जागी धरला होता. हेमांगीला ते लांबूनच दिसलं.

तिने झटकन श्वास घेतला. गळा आवळला, जीभ उचलली गेली. पडद्यावर नारिंगी ठिपका पेटला.

हेमांगीने ओठ मिटले.

ठिपका जरा वेळ तसाच राहिला, मग विझला. फळ्यापाशी रेवा खडू हातात धरून थबकली होती, आपल्याच आकड्याकडे मान कलती करून बघत. "थांबा हं," ती म्हणाली, आणि तिने तो पुसला.